डी म्हणजे माहेर

दादानं चार डीव्हीडींची चपटी पेटी माझ्या मांडीवर टाकली आणि म्हणाला, "हा गेम डीवर चढव."

मी पेटी उलटी करून मागची बारीक अक्षरं वाचली. मोटारींच्या शर्यतीचा गेम होता. त्या वर्षी आमच्या हॉस्टेलवर सगळे त्याच्याबद्दलच बोलायचे. त्याला चौदा जीबी जागा लागणार होती. गेम सहसा सी ड्राइव्हवर टाकतात, असं मी म्हणालो. दादा घड्याळाचा पट्टा लावत होता. सी भरलाय, तो म्हणाला. वहिनी त्यावर पत्रिका करते, तो अडकायला लागला तर ती डोकं खाईल. डीवर जागा कर. तिथं तिच्या जुन्या फायली पडल्यात, सगळ्या बिघडलेल्या. त्या उडवून टाक.

"वहिनींना विचारतो आधी."

"बिघडलेल्या फायलींचं काय विचारायचं? लोणचं घालणार हाय व्हय त्यांचं?"

मी हसलो. दादा माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा. वडील गेल्यावर माझी फी त्यानं भरली, हॉस्टेलचा खर्च त्यानं उचलला. तो साखर कारखान्याच्या शेती विभागात कारकून होता. गेम म्हणजे रिकामटेकड्यांचे धंदे, असं त्याचं आजवरचं मत. त्यानं स्वतःहून माझ्यासाठी गेम आणला होता आणि मी इतका खूश झालो होतो, की त्याचं मत कधी बदललं हे विचारायचं मला सुचलं नाही.

मी तेव्हा कोल्हापुरात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होतो, संख्याशास्त्र घेऊन. दिवाळीच्या सुट्टीसाठी गडहिंग्लजला घरी आलो होतो. तारीख सोळा नोव्हेंबर, शनिवार. घरातले तिघं, म्हणजे दादा, आई आणि तृप्तीवहिनी, सीमेपलीकडच्या एका गावी डॉक्टरकडे निघाले होते. वहिनींना दिवस गेले होते. त्यांची पहिली मुलगी ईशू पाच वर्षांची, ती सुट्टीला आजऱ्याला आजोळी गेली होती. ईशूनंतर दोनदा दिवस गेले आणि दोन्ही वेळा राहिलं नाही. आमच्याकडे असंच म्हणतात, राहिलं नाही. आई शेजारणींना सांगायची, हिचं राहत न्हाई हो, अंगात ताकद न्हाई. म्हणून या वेळी मोठ्या डॉक्टरला दाखवायचं, असं मला सांगण्यात आलं होतं. या वेळी तरी राहावं, असं मलाही मनापासून वाटत होतं.

आता त्या कॉम्प्युटरबद्दल सांगायला हवं. तो वहिनींचा. लग्नाआधी त्या आजऱ्याला एका डीटीपी सेंटरवर काम करायच्या. लग्नात त्यांच्या वडिलांनी त्यांना कॉम्प्युटर दिला. आमच्याकडे आल्यावर त्या पुढच्या खोलीत बसून लग्नपत्रिका, बारशाची कार्डं, श्रद्धांजलीचे फलक करायला लागल्या. तीन वर्षांनी तो कॉम्प्युटर थकला, नवीन घेतला, तेव्हा दुरुस्तीवाल्यानं जुन्यातली हार्ड डिस्क काढून नव्यात दुसरी म्हणून बसवून दिली. नव्या डिस्कला सी म्हणायचं, जुनीला डी. वहिनींनी डीला नाव दिलं होतं, माहेर. स्क्रीनवर तसंच दिसायचं, इंग्रजी अक्षरांत. त्यावरून घरात चेष्टा चालायची. त्या डी उघडून बसल्या की दादा म्हणायचा, बाई माहेरी गेल्यात, आता चहा आपला आपण करा.

गाडी दारात आली. आई आधीच जाऊन मागच्या सीटवर बसली. वहिनी बाहेर पडता पडता पुढच्या खोलीत आल्या आणि टेबलापाशी थांबल्या. दादा त्यांच्या मागं दारात उभा होता. त्यांच्या हातात नेहमीची पर्स नव्हती.

"भाऊजी, आज बसणार ना तुम्ही कॉम्प्युटरवर?"

हो, म्हणालो, दादानं गेम आणलाय.

"बसा. मी काही बंद केलेलं नाही. तुम्ही बघून घ्या."

बसायची परवानगी मिळाली, असा मी त्याचा अर्थ घेतला. गाडी गेली. मी पंखा लावला, खुर्ची पुढे ओढली.

डी ड्राइव्हवर पत्रिकांच्या जुन्या नमुन्यांचं एक मोठं फोल्डर होतं आणि बाजूला एक छोटं. छोट्यात एक्केचाळीस फायली. फायलींना नावं नव्हती, नुसते आकडे होते. मी एक उघडून पाहिली. दादा म्हणाला तसंच होतं. खंजिरासारख्या खुणा, डोक्यावर दोन टिंबं असलेले ओ, पौंडाचं चिन्ह, उलटी प्रश्नचिन्हं. पानभर हाच चिखल. दुसरी उघडली, तीही तशीच.

मग मी फोल्डरचा आकार पाहिला. एक्केचाळीस फायली मिळून दीड एमबी. डीवर जागा मोकळी होती एकवीस जीबी. म्हणजे चौदा जीबीच्या गेमला त्या फायलींची काहीच अडचण नव्हती. त्या उडवून जागेत पडणारा फरक दहा हजारात एकसुद्धा नव्हता. हे मला तिथल्या तिथे दिसलं. दिसलं आणि तरीही मी सगळ्या निवडल्या, शिफ्ट दाबून धरलं आणि डिलीट केलं, कारण दादानं सांगितलं होतं. शिफ्ट दाबलं, की फाइल कचऱ्याच्या टोपलीतसुद्धा जात नाही, थेट जाते.

चाळीस गेल्या. एक उडेना. स्क्रीनवर सूचना आली, की ही फाइल दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडी आहे. मी ती तशीच राहू दिली, पहिली डीव्हीडी आत सरकवली आणि गेम चढवायला लावला. हिरवी पट्टी सरकायला लागली. एका डीव्हीडीला बारा-तेरा मिनिटं लागणार होती.

त्या बारा मिनिटांत करायला काही नव्हतं, म्हणून मी ती न उडालेली फाइल शोधली. खाली कोपऱ्यात, पानं लावायच्या प्रोग्रॅममध्ये, मिटवून ठेवलेली होती. मी ती वर आणली. पुन्हा तोच चिखल. पण या वेळी घाई नव्हती, म्हणून मी तो नीट पाहिला.

बिघडलेली फाइल मी त्याआधी पाहिली होती. तिच्यात कसलीच शिस्त नसते. इथं दर चार-पाच चिन्हांनंतर मोकळी जागा होती. ओळींच्या शेवटी एकच चिन्ह पुन्हा पुन्हा येत होतं. आमच्या सरांनी त्याच सत्रात वारंवारता शिकवली होती. मी एक ओळ बोटानं मोजली. तेहेतीस चिन्हांत दोन टिंबांचा ओ अकरा वेळा आला होता. दुसरी ओळ मोजली, तिथंही तिसरा हिस्सा तोच. बिघाड असा हिशोबानं होत नाही. ही कुठली तरी भाषा होती.

आणि चिखलात मधून मधून आकडे होते. आकडे मात्र शाबूत होते. 16. मग 20. मग 15. मग 4.

दर तीन चिन्हांमागे एकदा येणारं काय असेल, हे मला लगेच कळायला हवं होतं. मराठीत काना असतो तसा. तेव्हा छपाईचं मराठी वेगळ्या फॉण्टमध्ये चालायचं. टाइप व्हायची ती इंग्रजी खुणांचीच रांग, आणि फॉण्ट तिच्यावर मराठी अक्षरांचा मुखवटा चढवायचा. फॉण्ट बदलला, की मुखवटा गळून पडायचा आणि खाली हे असं दिसायचं. कुणीतरी पान लिहून झाल्यावर सगळा मजकूर निवडला होता आणि त्याला मुद्दाम इंग्रजी फॉण्ट दिला होता. फक्त एवढंच केलं होतं. कुलूप नाही, पासवर्ड नाही.

मी सगळा मजकूर निवडला आणि वहिनी पत्रिकांसाठी वापरायच्या तो फॉण्ट लावला.

पान मराठी झालं.

पहिल्या ओळीत त्या दिवसाची तारीख होती. त्या सकाळीच कधीतरी बसून लिहिलं होतं, घरातले उठायच्या आधी. ते पान मला जवळजवळ पाठ आहे.

"१६ नोव्हेंबर. आज जायचं. मागच्या दोन वेळेसारखंच. टपरीपाशी थांबायचं, मग मोटरसायकलवरचा माणूस येतो आणि पुढं नेतो. मी फोन न्यायचा नाही. मुलगा असला तर लगेच घरी. मुलगी असली तर तिथंच थांबायचं, संध्याकाळपर्यंत. मग सगळ्यांना सांगायचं, राहिलं नाही. दोन्ही वेळा राहिलं होतं. राहिलं होतं, ते काढलं."

मी शेवटचं वाक्य दोनदा वाचलं. अर्थ पहिल्याच वेळी कळला होता. पंख्याचा आवाज येत होता, डीव्हीडी आत घरघरत होती, आणि मला हे दोन्ही आवाज फार लांबून येत असल्यासारखे वाटले.

पुढं मागच्या वर्षीचं होतं.

"गेल्या वर्षी २० जूनला सासूबाईंनी भाऊजींना विचारलं, तीन मार्चपासून आजपर्यंत किती आठवडे झाले. भाऊजी जेवत होते. कॅलेंडर न बघता सांगितलं, १५ आठवडे ४ दिवस. हे म्हणाले, मग शनिवारी जाऊ. भाऊजी हुशार आहेत. कशासाठी ते त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी विचारलंही नाही."

मला ते जेवण आठवलं. बारावीचा निकाल नुकताच लागला होता. आईनं विचारलं आणि मी मनातल्या मनात दिवस जोडले होते. मार्चचे अठ्ठावीस, एप्रिलचे तीस, मेचे एकतीस, जूनचे वीस. एकशे नऊ. सातानं भागून पंधरा, बाकी चार. दादानं माझ्या पाठीवर थाप मारली होती आणि म्हणाला होता, आमचा कॉम्प्युटर आहे हा. मला फार बरं वाटलं होतं.

मी त्या खुर्चीवर बसून पुन्हा हिशोब केला. बरोबर होता.

एरवी मी प्रत्येक गोष्टीत नाक खुपसायचो. पाल भिंतीला का चिकटते, दही का विरजतं, यावरून आईचं डोकं खायचो. ताटावर बसून मी एका बाईच्या पोटातले आठवडे मोजले आणि कशासाठी, हा प्रश्न मला पडला नाही. दुसऱ्या घासालाही पडला नाही.

तेवढ्यात कॉम्प्युटरनं ट्रे बाहेर टाकला. दुसरी डीव्हीडी मागत होता. हिरवी पट्टी सव्वीस टक्क्यांवर होती, आणि तेव्हा दुसरी गोष्ट डोक्यात शिरली. उडवलेली फाइल लगेच पुसली जात नाही. फक्त तिचा पत्ता पुसला जातो. मजकूर जागेवरच पडून असतो, त्याच्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत. आणि गेली बारा मिनिटं मी त्याच ड्राइव्हवर गेम लिहीत होतो.

मी गेम रद्द केला. घाईत चुकीच्या बटणावर दोनदा दाबलं गेलं.

मग वहिनींना फोन लावला. रिंग घरातच वाजली. स्वयंपाकघरात, डब्यांच्या फळीवर, आईच्या मिसरीच्या डबीशेजारी त्यांचा फोन ठेवलेला होता.

घड्याळात अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. ते दहाला निघाले होते, रस्ता तासाभराचा. टपरी आली असेल. मोटरसायकलवरचा माणूस आला असेल किंवा येत असेल. मी दादाला फोन लावला. पाच रिंगांनंतर त्यानं उचलला. मागं कपबशांचा आवाज होता.

"चढला का गेम?"

हे त्यानं पहिलं विचारलं. त्याचा आवाज चांगला होता, मायेचा होता. आजही तो मला तसाच्या तसा ऐकू येतो.

"थांबवलाय."

"का? जागा पुरंना?"

"जागा भरपूर हाय. फायली दीडच एमबीच्या होत्या, दादा. त्या उडवायची काय गरज नव्हती."

त्यानं कप बशीत ठेवल्याचा आवाज आला.

"एक उडाली न्हाई. उघडी होती."

"बिघडलेली हाय ती."

"बिघडलेली न्हाई. फॉण्ट बदलला, की वाचता येतंय."

कपबशांचा आवाज थांबला. बहुतेक तो उठून बाजूला गेला असावा. आता मागं नुसता वारा ऐकू येत होता. मला तेव्हा सगळं एकदम दिसलं. तो गेम, ती पेटी, बिघडलेल्या फायली हा शब्द. तिच्या लिहिण्यातलं त्याला एक अक्षरही वाचता आलं नव्हतं. तरी ते काय असणार, हे त्याला ठाऊक होतं. स्वतः उडवलं असतं तर तिच्या डोळ्याला डोळा भिडवावा लागला असता. धाकट्यानं गेमच्या नादात उडवलं, असं सांगणं सोपं होतं. आणि धाकट्यानं ते केलंही होतं, चाळीस फायलींचं.

"विशू," तो हळू म्हणाला, "तू यात पडू नको."

"आत गेल्यात का वहिनी?"

"अजून न्हाई. इथंच बसलीय."

"परत फिरा."

त्यानं फोन आईला दिला. आई नेहमी फोनवर ओरडून बोलते. तेव्हा मात्र अगदी खालच्या आवाजात बोलली.

"बाळा, बायकांचं असतंय हे घरातलं. जे वाचलंस ते डोक्यातनं काढून टाक. तू सायन्सचा. तुला ठाऊक हाय, एवढंसं असतंय ते."

"किती असतंय ते मला ठाऊक हाय. गेल्या वर्षी मीच सांगितलं होतं तुला."

"मग?"

 तिनं ते रागानं विचारलं नव्हतं. तिला खरोखरच पुढचं कळत नव्हतं.

आमच्या हॉस्टेलच्या जिन्यापाशी भिंतीवर एक सरकारी नंबर रंगवला होता. अशा तपासणीची तक्रार करायचा. दीड वर्ष रोज त्याच्यासमोरून जेवायला जात होतो, आणि आकडे मला न ठरवता पाठ होतात. मी तिला तो नंबर म्हणून दाखवला, दहाच्या दहा आकडे. म्हणालो, तुम्ही आत्ता परत फिरला न्हाईत, तर या नंबरवर फोन करणार. गाडीचा नंबर देणार, दादाचं नाव देणार.

"सख्ख्या भावाचं?"

"तुझंबी."

"माझं?"

"आणि माझं. आठवडे मी मोजले होते."

आई रडेल असं मला वाटलं होतं. ती रडली नाही. तिनं फोन तसाच हातात धरून ठेवला असावा, कारण मला लांबून दादाचा आवाज आला, मग चहावाल्याचा, मग एक मोटरसायकल येऊन थांबली. तिचं इंजिन चालूच होतं. कुणीतरी विचारलं, बाई कुठल्या, चला लवकर. फोन बंद झाला.

मी पुन्हा लावला. बंद होता.

तिथून पुढचा दीड तास मी काय केलं, ते मला नीट सांगता येणार नाही. नंबर मोबाइलवर टाइप करून ठेवला होता. दाबला नव्हता. दाबायचा होता आणि दाबत नव्हतो. बारा वाजता ठरवलं की साडेबाराला दाबायचा. साडेबाराला ठरवलं एक वाजता. मी धमकी दिली होती, पण आपल्या हातून ते होईल की नाही हे मला माहीत नव्हतं, आणि कॉम्प्युटरवर ते पान उघडं होतं, "त्यांनी विचारलंही नाही" या ओळीवर.

एक वाजायला दहा मिनिटं असताना गाडी दारात आली. दोन तासही झाले नव्हते. संध्याकाळ झाली नव्हती. म्हणजे एक तर ते तिथूनच फिरले होते, किंवा तपासून पोटात मुलगा निघाला होता. दोनच शक्यता, आणि गाडीकडे पाहून कुठली खरी ते ओळखायचं काही साधन नव्हतं. मी उंबऱ्यात उभा राहून तिघांचे चेहरे वाचायचा प्रयत्न केला. आई माझ्याकडे न बघता आत गेली. दादा गाडीवाल्याशी बोलत बाहेरच थांबला. वहिनी शेवटी उतरल्या. पायरीवर एक हात टेकून थोडं थांबल्या.

"आत गेलो नाही," त्या म्हणाल्या.

मी दारातून बाजूला झालो.

त्या तशाच चपलांसकट पुढच्या खोलीत आल्या आणि स्क्रीनवर आपलं पान मराठीत उघडं असलेलं पाहिलं. खुर्चीवर बसल्या. त्यांना नवल वाटलेलं दिसलं नाही.

"ही चुकून उघडी राहिली होती, म्हणून सापडली," मी म्हणालो.

"चुकून कशी राहील? सकाळी तुम्हाला सांगून गेले, बंद केलं नाही, बघून घ्या."

"मराठीतच ठेवायची मग."

"तुमचे दादा मागं उभे होते ना." मग म्हणाल्या, "तुम्हाला सुचेल वाटलं. नाही सुचलं असतं, तर नाही."

एवढं बोलून त्यांनी माउस हातात घेतला, डी उघडला आणि ते छोटं फोल्डर उघडलं. त्यात एकच फाइल होती. त्यांनी फोल्डर बंद करून पुन्हा उघडलं. मग माझ्याकडे पाहिलं. त्या दिवसात मला सगळ्यात जास्त भीती वाटली ती या क्षणाची. फोनवरचं बोलणं मी दुसऱ्यांच्या विरुद्ध बोललो होतो. हे माझं होतं.

मी सांगितलं. दादानं सांगितलं होतं हे सांगितलं, आणि गरज नसताना उडवल्या हेही सांगितलं. काही परत मिळतील, म्हणालो, मी लगेच थांबवलंय, काही नक्की मिळतील.

"काय होतं त्यांत?" मी विचारलं.

त्यांनी पदर गुडघ्यावर सारखा केला. रडत नव्हत्या.

"दोघींना लिहायचे. पहिलीला पंधरा, दुसरीला पंचवीस. काही नाही, असंच. आज ईशू काय म्हणाली, आज काय भाजी केली." त्यांनी स्क्रीनकडे पाहिलं. "बाकी कुठं काहीच नाही ना त्यांचं. फोटो नाही, कागद नाही. त्या तेवढ्याच होत्या, भाऊजी."

पुढचे चार दिवस मी जेवणापुरता उठलो. हॉस्टेलवरच्या एका मित्राकडून उडालेल्या फायली शोधायचा प्रोग्रॅम मागवला, दुसऱ्या कॉम्प्युटरला ती डिस्क जोडली, आणि तिच्यातला एकेक तुकडा चाळून काढला. चाळीसपैकी सतरा पूर्ण मिळाल्या. सहा अर्ध्या मिळाल्या, मधेच तुटलेल्या. उरलेल्या सतरांच्या जागी आता गेमच्या फायली होत्या, रस्त्यांची चित्रं, डांबर, झाडं, आकाश. एका अर्ध्या फाइलीत ओळ होती, "आज तुझ्या काकानं", आणि पुढं निळं आकाश सुरू झालेलं. काकानं काय, ते मी वहिनींना विचारलं. त्यांना आठवलं नाही, किंवा त्यांनी सांगितलं नाही.

मिळालेलं सगळं मी दोन सीडींवर दोन प्रती करून त्यांना दिलं. मी वाचलं नाही, फाइल उघडते की नाही एवढंच पाहिलं, आणि तेवढ्यात जे डोळ्यांवर पडलं ते पडलं. आठवड्यानं त्यांचे वडील येऊन त्यांना आजऱ्याला घेऊन गेले. बाळंतपण तिथंच झालं. बाळ तीन महिन्यांचं झाल्यावर त्या परत आल्या. का आल्या, हे मी विचारलं. ईशूची शाळा इथं आहे, म्हणाल्या.

त्याला आता काही वर्षं झाली. मी एम.एस्सी. करून पुण्यात नोकरीला लागलो. दादा नि मी उसाबद्दल बोलतो, खताबद्दल बोलतो. त्यानं त्या दिवसाबद्दल एकदाच तोंड उघडलं, मोटरसायकलवरून बसस्टँडवर सोडताना. मागं न वळता म्हणाला, "तू फोन केला असतास का रे खरंच?" मी म्हणालो, ठाऊक न्हाई. ते खरं होतं. त्यानं मान हलवली आणि स्टँडवर गाडी थांबवली. आई माझ्याशी नीट वागते. ताट वाढताना मात्र आता मला तारखा विचारत नाही.

ही हकीकत मी आजवर तीन जणांना सांगितली. एक माझ्या खोलीवरचा जोडीदार. एक आमच्या ऑफिसातल्या बाई, वयानं मोठ्या, ज्यांना मी मानतो. एक कॉलेजातली मैत्रीण, आता डॉक्टर आहे. तिघांनीही शेवटपर्यंत ऐकून घेतलं. तिघांनाही धक्का बसला, आणि तो खोटा नव्हता.  मग तिघांनीही विचारलं, "मग काय झालं?"

"बाळ झालं," मी म्हणालो. "एकोणतीस एप्रिलला. दोन किलो नऊशे ग्रॅम."

बरं वाटलं त्यांना. मान हलवली. आणि जरा थांबून तिघांनीही, वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या ठिकाणी, पुन्हा विचारलं, "हो, पण काय झालं?"